आजाऱ्यासाठी प्रार्थना: ख्रिस्ती विश्वास नेमकं काय सांगतो?

सोलापुरातल्या ख्रिस्ती घरात कुणी अंथरुणाला खिळलं की साधारण दोन फोन जातात. एक ओळखीच्या डॉक्टरांना किंवा सिव्हिलमध्ये कामाला असलेल्या नातेवाइकाला, दुसरा पाळकसाहेबांना. घर कॅथलिक असेल तर फादरना. संध्याकाळपर्यंत मंडळीतली, म्हणजे चर्चच्या समुदायातली, चार माणसं येतात. दारात ‘सलाम’ होतो, एखादं गीत म्हटलं जातं, पवित्र शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, उतारा वाचला जातो, आणि आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना होते.

शेजारीपाजारी हे पाहत असतात. साखर पेठेत काय किंवा विडी घरकुलात काय, भिंतीला भिंत लागून तेलुगू, कन्नड, मराठी, उर्दू बोलणारी घरं. एका घरातलं आजारपण दुसऱ्या घराला कळतंच. मग प्रश्न येतात. तुमच्यात औषध घेत नाहीत का? प्रार्थनेनं खरंच बरं होतं का? आणि नाहीच झालं तर? ख्रिस्ती घरांतही हेच प्रश्न असतात, फक्त तिथे ते मोठ्यानं विचारले जात नाहीत. त्यांच्या तळाशी आणखी एक प्रश्न असतो, तो आजारी माणूस रात्री एकटाच स्वतःला विचारतो: माझाच विश्वास कमी पडला का?

या शेवटच्या प्रश्नानं मी माणसं खचलेली पाहिली आहेत. आजारानं जेवढी खचली नव्हती, त्याहून जास्त. म्हणून बाकी सगळं समजावताना माझं लक्ष त्याच्याकडे राहील.

प्रार्थना कोण करतं, आणि विश्वास कुणाचा?

आजाऱ्यासाठी प्रार्थना करण्याचा मुख्य आधार नव्या करारातल्या (बायबलच्या येशूपासून सुरू होणाऱ्या भागातल्या) याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आहे. तिथली सूचना अगदी व्यवहारी आहे. तुमच्यात कोणी आजारी असेल तर त्यानं मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी प्रभूच्या नावानं त्याला तेल लावावं आणि त्याच्यासाठी प्रार्थना करावी. वडील म्हणजे मंडळीची जबाबदारी वाहणारी माणसं. पुढे ‘विश्वासाची प्रार्थना’ असा उल्लेख येतो, आणि इथेच आपण नीट वाचत नाही. या ओळींमध्ये प्रार्थना करणारे कोण आहेत? वडील. आजाऱ्याकडून एकच गोष्ट मागितली आहे: बोलावणं पाठव. त्यानं अमुक इतका विश्वास आधी जमवून ठेवावा, अशी अट तिथे नाही.

येशूच्या गोष्टीही याच नजरेनं पुन्हा वाचून पाहा. मार्ककृत शुभवर्तमानाच्या (येशूची हकिकत सांगणाऱ्या पुस्तकाच्या) दुसऱ्या अध्यायात एका पक्षाघाती माणसाला चौघं जण बाजेवर उचलून आणतात. दारात गर्दी, आत जायला वाट नाही, म्हणून ते छप्पर उकलतात आणि त्याला वरून खाली सोडतात. आपल्याकडे चाळीच्या अरुंद जिन्यावरून म्हाताऱ्या माणसाला चादरीत घालून, चार कोपरे चौघांनी धरून खाली आणतात, ते ज्यानं पाहिलं आहे त्याला हे दृश्य वेगळं समजावून सांगावं लागत नाही. येशूनं ‘त्यांचा’ विश्वास पाहिला, असं तिथे लिहिलं आहे. पडलेल्या माणसाच्या मनात काय चाललं होतं याबद्दल एक शब्दही नाही. कदाचित तो घाबरलेला असेल. कदाचित त्याला कुणीतरी एवढा खटाटोप करावा हेच नको असेल.

योहानाच्या पाचव्या अध्यायात बेथेस्दाच्या तळ्याकाठी ३८ वर्षं आजारी असलेला एक माणूस आहे. तो येशूकडे मागणं मागत नाही. ‘तुला बरं व्हायचं आहे का?’ असं विचारल्यावरसुद्धा तो तक्रारच सांगतो, की मला पाण्यात सोडायला कोणी नाही. तो बरा होतो तेव्हा आपल्याला बरं करणारा कोण, हेही त्याला माहीत नसतं.

मग आजाऱ्याला ऐकवले जाणारे ‘तुमच्या अल्पविश्वासामुळे’ हे शब्द कुठून आले? ते मत्तयाच्या सतराव्या अध्यायातले. झटके येणाऱ्या एका मुलाला त्याचा बाप शिष्यांकडे घेऊन येतो आणि शिष्यांच्या हातून काही होत नाही. नंतर ते एकांतात येशूला विचारतात, आम्हाला का जमलं नाही? तेव्हा येशू विश्वास कमी पडल्याचं सांगतो, आणि ते सांगतो प्रार्थना करणाऱ्यांना. मुलाला नाही, त्याच्या बापालाही नाही. हीच घटना मार्कनं नवव्या अध्यायात सांगितली आहे आणि तिथे तो बाप रडकुंडीला येऊन म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. अर्धा विश्वास, अर्धी शंका, अशा माणसाची ती प्रार्थना. मुलगा बरा झाला.

आता समोरची बाजूही मांडायला हवी. नासरेथात लोकांच्या अविश्वासामुळे येशूला फारशी अद्भुत कृत्यं करता आली नाहीत, असं मार्कच्या सहाव्या अध्यायात आहे. रक्तस्रावानं बारा वर्षं पीडलेल्या बाईला येशू म्हणतो की तुझ्या विश्वासानं तुला बरं केलं आहे. हे उतारे खरे आहेत, आणि आजाऱ्याला धीर द्यायला ते वाचावेतच. पण नासरेथात नडली ती गावानं केलेली अवहेलना. हा तर आपल्यातला सुतार, याचं काय ऐकायचं, असा तो सूर होता. तिथेही येशूनं थोड्या आजाऱ्यांवर हात ठेवून त्यांना बरं केलंच. आणि त्या बाईला त्यानं जे म्हटलं ती शाबासकी आहे. शाबासकीचं वाक्य उलटं करून दुसऱ्या बाईच्या तोंडावर आरोप म्हणून मारायचं, हे शास्त्रात कुठेही केलेलं नाही. ते आपण करतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. ख्रिस्ती समजुतीत आजाऱ्याचा विश्वास थकला, तर मंडळीनं तो त्याच्या वतीनं धरून ठेवायचा. मंडळी असते ती त्यासाठीच. केमोथेरपीनं तोंडात चव राहिली नाही, उलट्या होताहेत, अशा बाईला ‘आक्का, विश्वास घट्ट धरा’ एवढंच सांगून निघून येणं म्हणजे बाजेवरच्या माणसाला उठून स्वतःची बाज उचलायला लावण्यासारखं आहे.

तेल, हात आणि वेगवेगळ्या चर्चच्या रीती

तेलाबद्दल बाहेरच्या लोकांना फार कुतूहल असतं. बायबलच्या काळात तेल औषधही होतं. येशूनं सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात (गोष्टीत) जखमी वाटसरूच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला जातो. प्रार्थनेत कपाळाला लावतात त्या तेलात वेगळी शक्ती मानायची नसते. हा माणूस देवाच्या हाती सोपवला आहे, याची ती खूण. डोक्यावर किंवा खांद्यावर ठेवलेला हातही तसाच. अनेक दिवस फक्त सुई टोचायला आणि रक्तदाब मोजायलाच हात लागले असतील, तर प्रेमानं ठेवलेल्या हाताची किंमत आजाऱ्यालाच विचारावी.

कॅथलिक परंपरेत आजाऱ्याला तेल लावणं हा संस्कार आहे. पूर्वी तो मरणाच्या दारातच देतात अशी समजूत होती, आणि जुनी माणसं अजून ‘फादर आले म्हणजे आता संपलं’ म्हणून दचकतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेनंतर) १९७२ साली सहाव्या पॉल पोपनी या संस्काराचा नवा विधी दिला. गंभीर आजारात, मोठ्या ऑपरेशनच्या आधी, म्हातारपणी शक्ती गेल्यावर तो घेता येतो, आणि आजार पुन्हा उलटला तर पुन्हाही घेता येतो. ११ फेब्रुवारी हा दिवस कॅथलिक चर्च जगभर आजाऱ्यांसाठी पाळतं. प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये हा संस्कार नाही, पण उपासनेत आजाऱ्यांची नावं घेऊन मागणं होतं आणि पाळक घरी किंवा वॉर्डात जातात. पेंटेकॉस्टल सभांमध्ये सगळे एकाच वेळी मोठ्या आवाजात प्रार्थना करतात. सवय नसलेल्याला ते आधी घाबरवतं, पण ज्यांना सवय आहे त्यांना त्या आवाजात आपण एकटे नाही असं वाटतं. रीती वेगळ्या असल्या तरी मागणं एकच आहे.

औषधाचं काय?

ख्रिस्ती विश्वास औषधाच्या विरोधात नाही. हे मला ठासून सांगायचं आहे, कारण याच्या उलट शिकवण देणारे लोक आहेत आणि तिनं जीव जातात.

बायबलच्या जुन्या करारातला हिज्किया राजा मरणाला टेकला होता. त्यानं भिंतीकडे तोंड करून रडत प्रार्थना केली, ती ऐकली गेली, आणि त्याच्या आयुष्यात १५ वर्षांची भर पडली. तरीही यशया संदेष्ट्यानं अंजिरांची चकती आणून गळवावर बांधायला सांगितली. प्रार्थना ऐकली गेल्यावरसुद्धा लेप लावलाच! येशूचा प्रेषित पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पत्रात लिहितो की तुझं पोट वारंवार बिघडतं, तर थोडा द्राक्षारस घेत जा. त्या काळच्या मानानं तो घरगुती औषधाचाच सल्ला होता. पौलाच्या सोबत असलेला लूक वैद्य होता, आणि पौल त्याला ‘प्रिय वैद्य’ म्हणतो. लूकनं प्रभूला भेटल्यावर वैद्यकी पाप ठरवून टाकून दिली, असं कुठे लिहिलेलं नाही.

आपल्या भागातच याचं सगळ्यात मोठं उदाहरण आहे. सोलापूरहून कुर्डुवाडी, पंढरपूर करत मिरजेला जाता येतं. तिथे डॉ. विल्यम वॉनलेस या मिशनरी सर्जननं १८९४ साली रुग्णालय सुरू केलं आणि मिरज हे नाव उपचारासाठी दूरवर पोहोचलं. तिकडे वेल्लोरला डॉ. आयडा स्कडर यांनी १९०० साली एका खोलीत दवाखाना मांडला, त्याचं आज केवढं वैद्यकीय महाविद्यालय झालं आहे. या माणसांना प्रार्थना आणि शस्त्रक्रियेची सुरी यांत भांडण दिसलं नाही. त्यांची प्रार्थनाच त्यांना सुरी हाती घ्यायला घेऊन गेली.

आता आपल्या पेठांमधलं उदाहरण घेऊ. विड्या वळणाऱ्या बायका तंबाखूच्या धुळीत दिवस काढतात, यंत्रमागावरची माणसं सुताच्या तुसात. खोकला इथे इतका नेहमीचा, की क्षयाचा खोकला त्यात लपून जातो. समजा अशा एखाद्या मावशीला क्षयरोग निघाला. साध्या क्षयाचा औषधोपचार सहा महिन्यांचा असतो आणि सरकारी दवाखान्यात तो फुकट मिळतो. खुराकासाठी निक्षय पोषण योजनेतून महिन्याला १००० रुपये मिळतात. गोळ्या सुरू झाल्या की महिना-दोन महिन्यांत ताप जातो, खोकला उतरतो, भूक लागते. इथे खरा धोका आहे. कुणीतरी म्हणतं, बघा, प्रार्थनेनं बरं वाटलं, आता गोळ्या कशाला? मावशी गोळ्या सोडते. शरीरात उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात, आणि पुढचा आजार पहिल्यापेक्षा चिवट असतो. तो घरातल्या लेकरांनाही होऊ शकतो. मंडळीनं तिच्यासाठी करायची सगळ्यात चांगली प्रार्थना अशी असेल: प्रभू, हिला सहा महिने रोज गोळी घेण्याचं बळ दे. आणि ‘आमेन’ म्हटल्यावर कुणीतरी रोज तिला विचारावं, आजची घेतली का?

फिट येणाऱ्या मुलाच्या गोळ्या, मधुमेहाचं इन्शुलिन, रक्तदाबाची गोळी यांनाही हेच लागू आहे. ‘औषध बंद करा, हीच विश्वासाची पायरी’ असं कोणी व्यासपीठावरून सांगत असेल तर त्याचं ऐकू नका, मग तो माणूस कितीही प्रसिद्ध असो. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. चमत्काराचा देखावा करून लोकांना फसवणं, पैसे उकळणं, साप-विंचू-कुत्रा चावलेल्याला उपचारापासून अडवून मंत्र-गंडेदोरे करत बसणं, हे त्यात गुन्हे आहेत. कर्करोग, मधुमेह, मिरगी अशा आजारांवर मंत्र-ताईताची जाहिरात करायला १९५४ च्या केंद्रीय कायद्यानंही बंदी आहे. काही ख्रिस्ती माणसांना हे कायदे आपल्या विश्वासावर घाला वाटतात. मला तसं वाटत नाही. दुबळ्याला फसवणाऱ्यांवर येशू जितका कठोर बोलला, तितकं कोणत्याच कायद्यात लिहिलेलं नाही.

पाप आणि आजार

हे थोडक्यात सांगते, कारण येशूनंही ते थोडक्यातच मिटवलं. जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं? येशू म्हणतो, दोघांचंही नाही. ज्या घरात मूल होत नाही, ज्या घरात मतिमंद लेकरू आहे, त्या घराच्या भिंतीपलीकडे कुजबुजणाऱ्यांनी योहानाचा नववा अध्याय एकदा वाचावा.

मनाच्या आजारातही हा आरोप फार होतो. नैराश्य आलेल्या माणसाला भूत लागलं, सैतानानं धरलं असं म्हणून रात्रभर जागवतात, उपास घडवतात. शास्त्रातला एलीया संदेष्टा रतामाच्या झाडाखाली बसून मरण मागतो. पुरे झालं, आता माझा जीव घे, असं म्हणतो आणि तिथेच झोपून जातो. देवदूत त्याला शिव्या देत नाही, प्रवचनही देत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई उशाशी ठेवतो. तो खातो, पुन्हा झोपतो, देवदूत पुन्हा खाऊ घालतो. झोप, अन्न, सोबत आणि आजच्या काळात मानसोपचारतज्ज्ञ: मला यात प्रार्थनेच्या विरुद्ध काहीच दिसत नाही.

बरं नाही झालं तर?

पौलानं आपल्या हातून लोक बरे झालेले पाहिले होते. तरीही त्याच्या स्वतःच्या शरीरात एक ‘काटा’ होता. तो नेमका कोणता आजार होता याबद्दल अभ्यासक आजही वाद घालतात. तीनदा त्यानं विनवणी केली की हा काढून टाक. काटा निघाला नाही. उत्तर मिळालं: माझी कृपा तुला पुरे आहे. त्याचा सोबती त्रफिम आजारी होता, त्याला मी मिलेतात ठेवून आलो, असं त्यानं आणखी एका पत्रात साधेपणानं लिहून टाकलं आहे. कारणमीमांसा नाही, दोष नाही. आणि गेथशेमानेच्या बागेत येशूनं स्वतः प्रार्थना केली की हा प्याला, म्हणजे समोर आलेलं दुःख आणि मरण, माझ्यापासून दूर कर. तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. प्याला दूर झाला नाही. येशूचा विश्वास कमी पडला, असं कोण म्हणेल?

सोलापूरहून पुण्याला निघालेली गाडी दौंड सोडल्यावर केडगाववरून जाते. निराधार बायका-मुलींसाठीचं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथे आहे. रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या तेव्हा त्यांना वैद्यकीचं शिक्षण घ्यायचं होतं. कानांनी साथ दिली नाही, ऐकू येणं कमी होत गेलं, आणि डॉक्टर होण्याचं राहिलं. ते ऐकू येणं त्यांना परत मिळालं नाही. १९०५ साली केडगावात प्रार्थनेचा मोठा उठाव झाला, शेकडो मुली-बायका तासन्‌तास प्रार्थना करत होत्या, आणि ज्यांनी हे सगळं उभं केलं त्या बाईंचे कान तसेच राहिले. १९२१ साली त्यांची एकुलती एक लेक मनोरमा गेली. पुढच्याच वर्षी त्या गेल्या, तोवर बायबल सोप्या मराठीत आणण्याचं त्यांचं काम चालू होतं. कुणाचा विश्वास किती हे कुणाच्या शरीरावरून मोजायचं झालं, तर रमाबाईंच्या बाबतीत आपण काय म्हणणार आहोत?

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत ८८ वं स्तोत्र आहे. आजारपणातल्या माणसाचंच ते आक्रंदन, आणि त्याचा शेवट अंधार या शब्दापाशी होतो. त्यात शेवटी स्तुतीकडे वळणं नाही. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, म्हणजे देवापुढे असंही बोलता येतं. आजाऱ्याला रडू आलं, राग आला, देवाशी भांडावंसं वाटलं, तर त्याला गप्प करू नका. तीही प्रार्थना आहे.

मोजून पाहता येतं का?

अमेरिकेत सहा रुग्णालयांमध्ये हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या १८०२ रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला, तो २००६ साली प्रसिद्ध झाला. रुग्णांचे तीन गट केले. पहिल्या दोन गटांना सांगितलं की तुमच्यासाठी प्रार्थना होईलही किंवा नाहीही. त्यांतल्या एका गटासाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली, दुसऱ्यासाठी नाही. दोन्ही गटांत गुंतागुंत जवळपास सारखीच निघाली, ५२ आणि ५१ टक्के. तिसऱ्या गटाला ठामपणे सांगितलं की तुमच्यासाठी प्रार्थना चालू आहे, आणि त्यांच्यात गुंतागुंत ५९ टक्के निघाली. हा योगायोग असू शकतो. ‘माझी तब्येत इतकी बिघडली आहे का, की प्रार्थनेला माणसं लावली?’ या धास्तीचा परिणामही असू शकतो.

विश्वास ठेवणारी म्हणून मला हा अभ्यास अडचणीचा वाटत नाही. देव गोळीसारखा ठरावीक मात्रेत देऊन तपासायचा नाही, हे तर गेथशेमानेतच दिसलं होतं. मला त्यातला तिसरा गट महत्त्वाचा वाटतो. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी खाटेभोवती पंधरा जणांनी रडत-ओरडत प्रार्थना केली, तर आजाऱ्याच्या काळजाचं काय होत असेल? दोघांनी जावं, हळू बोलावं.

आणि कुणी अनपेक्षितपणे बरं झालंच, तर? तसं होतं. मी त्यासाठी देवाचे उपकार मानते. पण सभेत साक्ष देण्याआधी तपासणी करून घ्यावी. येशूनं दहा कुष्ठरोग्यांना शुद्ध केलं तेव्हा त्यांना याजकांकडे जाऊन दाखवायला सांगितलं, कारण त्या काळी रोग गेला की नाही हे पाहण्याचं काम याजकांचं होतं. फ्रान्समधल्या लूर्द इथे १८५८ पासून आजारी माणसं प्रार्थनेला जातात. तिथे डॉक्टरांचं तपासणी कार्यालय आहे. आजवर सात हजारांहून जास्त जणांनी बरं झाल्याचं कळवलं आणि चर्चनं चमत्कार म्हणून मान्य केले ते सत्तरच्या आसपास. एवढं मोठं चर्च जर इतकं सावकाश बोलतं, तर आपण रिपोर्ट यायच्या आत माइक हातात घेऊ नये.

रोजची आशा

चर्चच्या प्रार्थनेत आपण म्हणतो, आमची रोजची भाकर आज आम्हाला दे. आजची, वर्षाची नव्हे. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चारेक तास डायलिसिसला बसणाऱ्या माणसासाठी मला याहून योग्य मागणं माहीत नाही. त्याला पुढच्या दहा वर्षांचं आश्वासन कोण देणार? पण आजचं सत्र नीट पार पडो, घरी जाताना बसमध्ये बसायला जागा मिळो, सुनेशी दोन शब्द गोडीनं बोलणं होवो, हे मागता येतं, आणि मिळालं की ओळखताही येतं.

ख्रिस्ती आशा ‘सगळं छान होईल’ असं म्हणत नाही. मरणातून उठलेल्या ख्रिस्ताच्या हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच होते. मरण हे शेवटचं नाही, इतकी मोठी ती आशा आहे, म्हणूनच ती आजाऱ्याला खोटं बोलत नाही. चौथ्या टप्प्याचा कर्करोग असलेल्या माणसाजवळ बसून ‘तू पूर्ण बरा होणारच, देवानं मला दाखवलं आहे’ असं म्हणणारा त्या माणसाकडून निरोप घेण्याचे दिवस हिरावून घेतो. मुलीचं लग्न, घराची कागदपत्रं, भावाशी अबोला, हे सगळं बोलायचं राहून जातं. बरं होण्याची प्रार्थना शेवटपर्यंत करावी, जरूर करावी. तिच्या शेजारीच बाकीचं बोलायला जागा ठेवावी.

प्रार्थना कशी करायची हे पुष्कळ जण विचारतात, विशेषतः ज्यांना मोठे शब्द येत नाहीत ते. मोठे शब्द लागतच नाहीत. अशी करता येईल: ‘प्रभू, आक्काला रात्री झोप नाही. दम लागतो. ती बरी व्हावी असं आम्हाला वाटतं, पूर्ण बरी. डॉक्टरांना नीट निदान सुचू दे. गोळ्यांचा त्रास कमी होऊ दे. तिच्या मुलाला रजा मिळू दे. आज रात्री तिला झोप दे. तिला भीती वाटली तर तू जवळ राहा. येशूच्या नावानं मागतो, आमेन.’ अर्ध्या मिनिटात होते. वॉर्डात शेजारच्या खाटेवरचा माणूस जागा होत नाही, नर्सचं काम अडत नाही.

त्या शेजारच्या खाटेवरच्या माणसाबद्दलही. त्याच्या उशाशी सिद्धेश्वराचा अंगारा असेल, दंडाला दर्ग्यातला दोरा असेल. तो म्हणाला, माझ्यासाठीपण करा, तर विचारून, त्याचं नाव घेऊन जरूर करावी. ते काढून ठेव, मग करतो, असं म्हणू नये. आजारी माणूस नाही म्हणण्याच्या स्थितीत नसतो, आणि त्या स्थितीचा फायदा घेऊन त्याच्याकडून कसलंही वचन मागणं मला पाप वाटतं. येशूनं दहा कुष्ठरोगी बरे केले; परत येऊन उपकार मानणारा एकच होता. बाकी नऊ जणांचा रोग त्यानं परत आणला नाही.

शेवटी, जवळ बसणाऱ्यांबद्दल. आजाऱ्याचं नाव प्रार्थनेच्या यादीत येतं. रात्रभर खाटेखाली चादर टाकून झोपणाऱ्या बायकोचं येत नाही, कामाचा खाडा करून रक्ताच्या बाटल्यांसाठी फिरणाऱ्या पोराचं येत नाही. ते छप्पर उकलणारे चौघं हेच. त्यांची पाठही दुखते, त्यांचाही विश्वास संपतो, आणि आजारी माणसावर चिडल्याबद्दल ते स्वतःला खात राहतात. महिला मंडळानं, तरुण संघानं यात सहज हात द्यावा. कुणी कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा पोहोचवावा, कुणी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठून महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार बसतो का ते विचारून यावं, कुणी एक रात्र जागायला जावं. यादीत आजाऱ्याच्या खाली त्याच्याजवळ बसणाऱ्याचंही नाव लिहा, आणि त्याच्यापुढे कोणती रात्र कुणाची, तेही.